भोंग्याचा माईक

आजवर माझ्यासमोर उभं राहून जो तो आपलंच बोलत आला. मी ते निमूटपणे पुढे पोचवत राहिलो. आज मात्र माझं थोडं ऐका. मी माईक. हल्ली मिळतात तसला बिनतारी, हलकाफुलका, हातात घेऊन मंचभर मिरवायचा माईक नव्हे. चांगला जाडजूड, लोखंडी जाळीच्या डोक्याचा, मागे लांबलचक वायर असलेला. जरा वेळ हातात धरला की माणूस हात बदलतो, इतका जड.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका ओळीनं बसायच्या आणि केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळायच्या. कोणी कोणाशी फारसं बोलायचं नाही, कारण बोलताना हात हलला की तार तुटायची. आवाजासाठी माझा जन्म, पण झाला तो असा गप्प खोलीत. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे, कांद्याच्या सालीसारखा. समोर कोणी बोललं की तो थरथरतो. मला मन म्हणून जे काही आहे ते तेवढंच.

कारखान्यातून खोक्यात बसून मी एका मध्यम गावाच्या सार्वजनिक सभागृहात आलो. मोठं सभागृह, उंच छत, ओळीनं लाकडी खुर्च्या, आणि मागच्या बाजूला जिन्यानं वर जायची एक काचेची केबिन. त्या केबिनमध्ये आवाजाची यंत्रं होती आणि ती सांभाळणारा एक माणूस होता. खोकं त्यानंच उघडलं. मला बाहेर काढलं, रुमालानं पुसलं, आणि नुसतं बघत राहिला. नव्या वासराकडे बघावं तसं.

या माणसाला सगळे 'भोंगा' म्हणायचे. भोंगा म्हणजे केवढा आवाज! आणि हा माणूस दिवसभरात मोजके शब्द बोलणारा. सभागृहाच्या शिपाईमामांनी थट्टेनं ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. कोणी 'ए भोंग्या' म्हटलं की मान वर करायचा, काम ऐकून घ्यायचा आणि करून टाकायचा.

माझे दिवस चांगले चालले होते. भाषणं व्हायची, बक्षिसं वाटली जायची, नाटकाच्या तालमी व्हायच्या. माणसांच्या एकेक सवयी मी बघितल्या. माझ्यापुढे येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी माझ्या डोक्यावर टिचकी मारतो. मग फुंकर घालतो. मग विचारतो, "ऐकू येतंय का?" आणि मागून 'हो' आलं तरी त्याचा विश्वास बसत नाही. ज्याला सांगण्यासारखं काही नसतं तो मला पार ओठाला लावतो, आणि ज्याच्या पोटात खरंच काही असतं तो चार हात लांब उभा राहतो. अशा वेळी वर केबिनमध्ये भोंग्याची बोटं हलायची. लाजणाऱ्याचा आवाज तो हळूच वर उचलायचा, ओरडणाऱ्याचा खाली दाबायचा. कोणाला कळायचंही नाही. बोलणाऱ्याला वाटायचं, आज आपण छान बोललो.

कार्यक्रम संपला की खुर्च्या रिकाम्या व्हायच्या, दिवे एकेक करून जायचे. तो माझी वायर गोल गुंडाळायचा, मला खोक्यात ठेवायचा. मग घरी फोन लावायचा. "ताई, निघालो." बस, एवढंच. फोनमधून बारीक आवाजात लांबलचक काहीतरी यायचं. तो ऐकत राहायचा आणि गालातल्या गालात हसायचा. घरी बोलायचं काम बहुतेक ताईकडेच असावं.

ताई त्याची मोठी बहीण. दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. वाफेत उभी राहून चादरी इस्त्री करायची. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून दोघं एका घरात. तिचं लग्न झालं नाही, याचंही नाही. या गोष्टी तो मला कशाला सांगेल? पण शिपाईमामा दुपारी चहा घेऊन वर यायचे आणि त्याला बोलतं करायचा प्रयत्न करायचे. मी तिथेच असायचो.

एकदा तो कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बऱ्याच दिवसांनी आला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मामांनी विचारलं, "काय रे, कशी आहे ताई?"

"उजवं अंग गेलं," तो म्हणाला. "वाचाही गेली. एकच शब्द राहिलाय. बरं."

"बरं?"

"हो. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. मला कळतं कुठला बरं कशाचा ते. दुसऱ्याला नाही कळत."

मामांनी चहाचा पेला खाली ठेवला.

तेव्हापासून भोंग्याची धावपळ सुरू झाली. सकाळी ताईचं सगळं आवरायचं, कामावर यायचं, मध्येच घरी पळायचं, तिला भरवायचं, कूस बदलायची, परत यायचं. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांचंही वय झालेलं. साठलेली रजा संपली. बिनपगारी रजा संपली. सभागृहाचे व्यवस्थापक माणूस म्हणून वाईट नव्हते. एके दिवशी ते स्वतः जिना चढून वर आले.

"हे बघ," ते म्हणाले, "मला तुझी अडचण दिसत नाही असं नाही. पण मला वरती उत्तर द्यावं लागतं. एखादी चांगली संस्था बघ, तिथे ठेव त्यांना. तिथे माणसं असतात बघायला."

भोंगा मान खाली घालून एका वायरीचं टोक सोलत होता. "तिला तिथे बरं कोणाला कळणार?" तो म्हणाला.

व्यवस्थापकांना वाटलं, हा नीट उत्तर देत नाहीये. ते जवळच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "एक नवा कायदा येतोय म्हणे. घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना मोठी रजा मिळणार, नोकरी राखून ठेवणार. त्याचीच सुनावणी आपल्या सभागृहात आहे पुढच्या महिन्यात. तोपर्यंत मी कसंतरी निभावून नेतो."

त्या दिवशी भोंग्यानं मला पुसताना पहिल्यांदाच शीळ घातली. अगदी हळू.

सुनावणीचा दिवस उजाडला. राजधानीतून समिती आली होती. संसदेत येऊ घातलेल्या विधेयकाबद्दल लोकांचं काय म्हणणं आहे ते ऐकायला ही समिती गावोगाव फिरत होती. मंचावर लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मध्ये अध्यक्ष, दोन्ही बाजूंना सदस्य. त्यांच्यापुढे छोटे माईक होते. मला मात्र खाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, उंच स्टँडवर बसवलं होतं. लोकांनी माझ्यापाशी येऊन बोलायचं होतं. मला ती जागा आवडली. मंचावर माणसं तयारी करून येतात. मधल्या वाटेत ती जशी असतात तशी येतात.

सुरुवातीला समितीच्या सचिवांनी मसुद्यातली मुख्य कलमं वाचून दाखवली. रजा किती, अर्ज कोणाकडे, नोकरी कशी राखून ठेवायची. आणि मग व्याख्या. "या कायद्यापुरतं कुटुंबीय म्हणजे पती किंवा पत्नी, आई-वडील आणि अपत्यं."

मला वरची केबिन दिसत होती. काचेमागे भोंग्यानं कानावरचे हेडफोन काढले. जणू यंत्रात काही बिघाड आहे, असं त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा कानाला लावले. पण सचिव तोवर पुढच्या कलमावर गेले होते.

मग लोक बोलायला लागले. एक कारखानदार आला. म्हणाला, माणसं अशी महिनोन्महिने घरी बसली तर यंत्रं कोण चालवणार? त्याचंही खोटं नव्हतं. एक परिचारिका आली. तिनं सांगितलं की दवाखान्यातून घरी सोडलेला रोगी पुन्हा दवाखान्यात का येतो. एक तरुण बाप आला, आजारी बाळाबद्दल बोलता बोलता त्याचा आवाज फुटला, आणि वरून भोंग्यानं तो अलगद सावरून घेतला. एक आजोबा आले ते आपल्या गल्लीतल्या फुटक्या नळाबद्दलच बोलत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, आजचा विषय वेगळा आहे." आजोबा म्हणाले, "तुमचा विषय वेगळा असेल, माझा नळच आहे. तुम्ही पुन्हा कधी येणार?" सगळं सभागृह हसलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोलून झालं की माणूस परत खुर्चीवर बसायचा, थोडी चुळबुळ करायचा आणि उठून निघून जायचा. आपलं सांगून झालं, आता दुसऱ्याचं कशाला ऐका? दुपारपर्यंत सभागृह अर्धं रिकामं झालं.

जेवणाच्या सुट्टीत मामा वर गेले होते, ते भोंग्याला बरोबर घेऊनच खाली आले. माझ्याजवळ उभं राहून त्यांची कुजबुज चालली होती.

"अरे, तू बोल ना."

"मी?"

"मग काय मी? बहीण तुझी आहे."

"मला नाही जमायचं, मामा."

"भोंगा नाव ठेवलंय तुझं, जरा तरी लाज राख त्याची!" मामा म्हणाले. पण म्हणताना त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता. मग ते स्वतःच दारापाशी गेले आणि बोलणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालून आले. सगळ्यात शेवटी.

त्याची पाळी आली तेव्हा ऊन खिडकीतून तिरपं होऊन खुर्च्यांवर आलं होतं. बहुतेक खुर्च्यांवर ऊनच बसलेलं. अध्यक्ष डोळे चोळत होते. भोंगा जिना उतरून आला. सवयीप्रमाणे त्यानं आधी स्टँडची उंची नीट केली, पण ती दुसऱ्या कोणासाठी करावी तशी केली, आणि स्वतः बाजूला सरकून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कोणी येणार नाहीये. तो माझ्यासमोर आला.

इतक्या वर्षांत त्यानं मला हजार वेळा हातात घेतलं असेल. पण त्याचा श्वास असा समोरून मला कधी लागला नव्हता.

त्यानं तोंड उघडलं आणि मी शिट्टी मारली. माझा नाइलाज होता. वर केबिनमध्ये कोणीच नव्हतं, आवाज वाढवून ठेवलेला तसाच होता. कानठळ्या बसवणारी ती शिट्टी ऐकून सगळे दचकले. भोंगा वळला आणि धावत जिना चढून वर गेला. बटणं फिरवली, शिट्टी थांबली, आणि तो पुन्हा धापा टाकत खाली आला.

अध्यक्ष हसले. "बोलणारही तुम्हीच आणि आवाज सांभाळणारही तुम्हीच?"

"हो, साहेब."

"बोला. सावकाश बोला."

माझा पडदा त्याच्या नुसत्या श्वासानं थरथरत होता. मला वाटलं हा आता तसाच परत जाणार. मग तो म्हणाला, "कायद्यात बहीण नाही."

"म्हणजे?"

"सकाळी वाचलंत त्यात नवरा आहे, बायको आहे, आई-वडील, मुलं, सगळी आहेत. बहीण नाही. भाऊ पण नाही. माझी बहीण आजारी आहे."

अध्यक्ष मायेनं म्हणाले, "त्याचं असं आहे, भावंडांना आपापले संसार असतात. त्यांचं त्यांचं माणूस असतं बघायला. असं धरून ती व्याख्या केलेली आहे."

"सगळ्यांना नसतात, साहेब."

कडेला बसलेल्या एक सदस्यबाई पुढे वाकल्या. त्यांचे केस पिकलेले होते, आणि दिवसभर त्यांनी फारसं काही विचारलं नव्हतं. "तुमच्या बहिणीचं लग्न झालं नाही का?"

"नाही. म्हणजे तिनं केलं नाही. आई-वडील गेले तेव्हा मी तिच्या कमरेएवढा होतो. स्थळं यायची. ती प्रत्येकाला एकच विचारायची, माझा भाऊ बरोबर येईल, चालेल का? कोणाला चाललं नाही."

"आणि तुमचं?"

भोंग्यानं जरा विचार केला. "राहून गेलं," तो म्हणाला.

आणखी एक सदस्य होते, समोर कागदांची चळत घेऊन बसलेले. त्यांनी विचारलं, "हे तुमचं एकट्याचं झालं. पण कायदा देशासाठी करायचा असतो. अशी एकमेकांवर अवलंबून असलेली भावंडं किती असतील? काही आकडा सांगता येईल?"

"आकडा मला नाही माहीत, साहेब," भोंगा म्हणाला. "आमच्या घरात दोघं आहोत."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. भोंगा मात्र आता थांबत नव्हता. त्याचा आवाज मोठा झाला नाही, पण सरळ झाला. "दवाखान्यात नातं विचारतात. मी भाऊ म्हणून सांगतो. तिथे चालतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करा म्हणतात. तिथे भाऊ चालतो. तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, औषध द्यायचं, सगळीकडे भाऊ चालतो. फक्त रजा मागायला गेलं की चालत नाही. तेवढा एक शब्द घाला. बाकी मला काही म्हणायचं नाही."

अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं, सचिवांनी काहीतरी लिहिलं. "नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. सकाळपासून ते सगळ्यांना हेच म्हणत होते. नळवाल्या आजोबांनासुद्धा.

"बरं," भोंगा म्हणाला.

सदस्यबाईंना किंवा अध्यक्षांना त्या शब्दात काय होतं ते कळायचं कारण नव्हतं. मी आणि मामा, आम्हा दोघांना कळलं. मामांनी तोंड फिरवलं.

समिती गेली. दिवस जात राहिले आणि कायद्याचं काही कानावर येईना. मामा वर यायचे, म्हणायचे, "अजून चर्चाच चाललीय म्हणे." व्यवस्थापकांनी दिलेला शब्द पाळला, खरं तर त्याहून थोडं जास्तच पाळलं. पण एकदा मोठ्या समारंभाच्या ऐन वेळी भोंगा जागेवर नव्हता. ताई पलंगावरून पडली होती, काकूंचा फोन आला आणि तो उठून पळाला होता. मंचावरच्या पाहुण्यांचा आवाज गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी भोंग्यानं स्वतःच राजीनामा नेऊन दिला. व्यवस्थापकांवर बोलायची वेळच येऊ दिली नाही.

त्याच सुमारास सभागृहात बिनतारी माईक आले. जाताना व्यवस्थापकांनी माझं खोकं त्याच्या हातात ठेवलं. "हा आता इथे पडूनच राहणार. तू घेऊन जा. तुझ्या हातातला आहे." भोंग्यानं मला काखोटीला मारलं आणि त्या उंच छताच्या सभागृहातून आम्ही दोघं बाहेर पडलो. निरोपाचं भाषण वगैरे काही झालं नाही. माईकशिवाय कोण भाषण करणार?

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ताईचा पलंग, समोर भोंग्याचं टेबल. त्या टेबलावर तो लोकांचे रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागला. काम करताना मान वर केली की ताई दिसायची, आणि ताईला तो दिसायचा.

मी ताईला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखलंच नाही. फोनमधून येणारा तो लांबलचक आवाज आणि ही पलंगावरची एवढीशी बाई! पण डोळे मोठे चौकस होते. भोंगा काय करतोय यावर तिची बारीक नजर असायची. पंख्याचं पातं उलटं बसवलं की लगेच पलंगावरून "बरं!" असा दरडावणीचा आवाज यायचा. तो बघायचा, हसायचा, पातं सुलट करायचा.

वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की आजाऱ्याला स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला तर कधीकधी उपयोग होतो. म्हणून भोंग्यानं एक छोटा स्पीकर जोडला आणि मला ताईच्या तोंडापुढे धरलं.

"बोल ताई. काहीही बोल."

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग म्हणाली, "बरं." स्पीकरमधून मोठ्ठा "बरं" खोलीभर घुमला. ती दचकली. आणि मग खुदकन हसली. हसणंही मोठं होऊन खोलीभर गेलं, त्याचं तिला आणखी हसू आलं. भोंगाही हसायला लागला. शेजारच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या. माझ्यातून इतकी भाषणं गेली, टाळ्या गेल्या, पण तसं काही माझ्यातून पुन्हा गेलं नाही.

मग रोज संध्याकाळी आमचा तो कार्यक्रम ठरला. दुसरा शब्द काही आला नाही. भोंगा म्हणायचा, "पाणी म्हण. पा... णी." ती सगळा जीव ओठांत आणायची, कपाळावर आठ्या चढायच्या, आणि शेवटी यायचं, "बरं." तो म्हणायचा, "हो, तेच. पाणीच." आणि पाणी आणून द्यायचा.

ताई एका सकाळी गेली. तो चहा गाळत होता. त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, बिस्किट देऊ?" आणि उत्तर आलं नाही. मग त्यानं भांडं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला. शेजारचे लोक आले, मामा आले, व्यवस्थापकही आले. सगळं झालं, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर खोलीत इतकी शांतता झाली की मला माझ्या पडद्याचीच भीती वाटायला लागली. आवाजच नाही तर तो थरथरणार कशानं? भोंगा टेबलाशी बसायचा. मान वर करायचा, पलंगाकडे बघायचा, पुन्हा खाली घालायचा. ती सवय काही जाईना. त्यानं पलंग हलवला नाही. कोणी विचारलंही नाही.

मग एके दिवशी तो कोणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होता. वायर जोडली, बटण फिरवलं, खरखर झाली आणि बातम्या लागल्या. बातम्या देणाऱ्या बाईंनी सांगितलं की आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांच्या रजेचं विधेयक संसदेनं संमत केलं आहे. रजा किती, नोकरी कशी राखायची, सगळं सांगितलं. आणि मग म्हणाल्या, मूळ मसुद्यात बदल करून एका घरात राहणाऱ्या भावंडांचाही समावेश करण्यात आला आहे.

भोंग्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. बातम्या संपून गाणी लागली तरी तो हातातच होता. रेडिओ तर केव्हाच दुरुस्त झाला होता.

संध्याकाळी मामा आले. जिना चढतानाच ओरडत आले, "भोंग्या! अरे, आलं! बहीण आली कायद्यात, भाऊ पण आला!"

"ऐकलं," भोंगा म्हणाला.

"तुझ्यामुळे आलं रे! सगळ्या गावाला सांगतोय मी."

"माझ्यामुळे कशाला, मामा? गावोगावी सुनावण्या झाल्या. माझ्यासारखे किती असतील. प्रत्येकानं आपापली बहीण सांगितली असेल."

मामा पलंगाच्या कडेला बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे बसलो ते. त्यांचा चेहरा उतरला. "पण तुझ्या काय कामाचं आता?" ते पुटपुटले. "थोडं आधी यायला काय झालं होतं?"

भोंग्यानं दोन पेल्यांत चहा ओतला. एक मामांना दिला. "मला उशीर झाला," तो म्हणाला. "कोणाला तरी वेळेवर मिळेल."

जाताना मामा म्हणाले, "व्यवस्थापक साहेब विचारत होते. येतोस का परत? जागा आहे." भोंगा म्हणाला, "बघू." पण गेला नाही. बिनतारी माईकांच्या त्या सभागृहात त्याचं मन आता रमलं नसतं.

आता मी खिडकीत असतो. वायर व्यवस्थित गुंडाळलेली आहे, जाळी स्वच्छ आहे. पंधरवड्यातून एकदा तो मला रुमालानं पुसतो, पण जोडत मात्र नाही. माझ्यापुढे बोलत नाही. मी वाट बघतो. त्याला काही सांगायचं असेल तर मी आहे ना इथे. पण ज्याला सांगायचं ते माणूस नसलं की माईक असून काय करायचं, हे मलाही कळतं. संध्याकाळ झाली की खोलीत आम्ही दोघं असतो आणि दोघंही गप्प असतो.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. मोठमोठ्या कायद्यांबद्दल बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांचा आवाज चढवायला यंत्रं आहेत, माणसं आहेत. पण मधल्या वाटेत कोणी एकटं उभं राहिलेलं दिसलं, तोंडातून शब्द फुटत नाही असं दिसलं, तर आपलं झालं म्हणून उठून जाऊ नका. थोडं बसा. कितीही चांगला माईक असला तरी रिकाम्या खुर्च्यांना काही ऐकू जात नाही.

आज दुपारी भोंग्यानं इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि दाराला कडी लावून बाहेर पडला. सभागृहात पुन्हा समिती आली आहे. या खेपेला नद्यांच्या पाण्याबद्दलचा कायदा आहे, असं काकू दारात उभ्या राहून कोणाला तरी सांगत होत्या. भोंग्याला पाण्याबद्दल काही बोलायचं नाही. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत तो येणार नाही. तो नुसता ऐकायला गेला आहे.